पायानं उघडणारं दार

डोंबिवली (पूर्व)
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
१६ डिसेंबर १९९३

प्रिय मंदा,

आधी आशीर्वाद घे, मग पाठीशी उशी नीट लाव आणि सावकाश वाच. पत्र लांबणार आहे. तुला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, तर वाचायला तरी काही हवं. सकाळी महालक्ष्मीचा कलश मांडला, पोथी झाली, नैवेद्याची खीर झाली. आता तुझे आबा बाहेर व्हॅनपाशी आहेत आणि मी स्वयंपाकघरात पाटावर कागद ठेवून बसले आहे. तुला सातवा लागला. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी आणतात हे सगळ्या जगाला ठाऊक, त्यामुळे आपल्या चाळीतली प्रत्येक बाई मला विचारते, मंदाला कधी आणणार. मी म्हणते, बघू. आता दोन वर्षं जो बाप लेकीशी बोलत नाही त्याच्या घरात लेकीला कधी आणणार हे मी कुणाच्या जिवावर सांगू? म्हणून बघू. तर या 'बघू'चं पुढे काय झालं ते सांगायचंय, पण त्यासाठी मला व्हॅनच्या मागच्या दारापासून सुरुवात करावी लागेल. हसू नकोस. दुसरीकडून सुरुवात होतच नाही.

वागळे इस्टेटमधला आबांचा कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी जाता जाता ही जुनी व्हॅन ह्यांना स्वस्तात दिली, इतकं तुला माहीत आहे. तू गेल्यानंतर ह्यांनी तिच्यावर धंदा सुरू केला. मानपाड्याच्या कारखान्यांतून नटबोल्टांचे, स्प्रिंगांचे खोके उचलायचे आणि वागळे इस्टेटीत पोहोचवायचे. हमाल ठेवायचा म्हटलं तर त्याची मजुरी, चहा, वडापाव. मी म्हटलं, मी येते. दुपारची पोथी होते, भांडी होतात, मग घरात बसून मी तरी काय करते. तर मी ह्यांच्या शेजारी बसून जाते आणि ह्यांचे दोन्ही हात खोक्यात असले की मागचं दार उघडते. ते दार वर उचलायचं असतं, आडवं नाही. दोन बाजूंना दोन काळी नळकांडी आहेत, त्यांतून एकेक चकचकीत दांडा बाहेर येतो. आत गॅस दाबून भरलेला असतो, त्याच्या जोरावर ते जड दार वर टिकतं. गॅरेजवाले त्यांना शॉकअप म्हणतात. श्रावणात माझा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. वेणी घालता येईना, देव्हाऱ्यावरचा दिवा काढता येईना, मग ते दार कुठलं उचलतेय. ह्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या संध्याकाळी व्हॅनखाली शिरले.

तुझ्या आबांचं बोलणं तुला माहीत आहे, दिवसाला मोजून चार वाक्यं, त्यात एक 'चहा कर'. कारखाना बंद झाल्यापासून तेही कमी झालेलं. पण त्या संध्याकाळपासून ह्यांच्यात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. भंगारातून एक वायपरची मोटर आणली. कुणाच्या तरी सायकलच्या ब्रेकची तार आणली. माझ्या पोळपाटाएवढा एक पत्रा कापला. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाले, "बटण दाबलं की दार आपोआप उघडेल, असं करतोय." मी म्हटलं, अहो, दाराला बटण असतं का कुठे, दाराला कडी असते. तर म्हणाले, "तुझ्या खांद्याला विचार." गणपतीच्या आधी पहिली चाचणी झाली. चाळीतली सगळी पोरंबाळं गोळा. ह्यांनी बटण दाबलं, मोटर कण्हली, खट् झालं आणि दार असं काही वर गेलं की वरच्या मजल्यावरच्या मालनबाईंनी वाळत घातलेलं लुगडं दांडीसकट घेऊन गेलं. मालनबाई जिन्यातून ओरडतायत, "अहो, माझं नऊवारी उतरवा आधी, मग विमान उडवा." ते लुगडं दारावर झेंड्यासारखं आणि खाली तुझे आबा हसतायत. मंदा, मी किती महिन्यांनी ह्यांचे दात पाहिले.

तेव्हापासून ते दार म्हणजे आमच्या घरातला तिसरा माणूस झाला आहे, आणि त्याची सेवा माझ्याकडे आली. ह्यांनी शिकवलं तसं करते. बिजागरीला थेंबभर मशीनचं तेल, जास्त नाही, धूळ चिकटते. दाराच्या कडेच्या रबराला उन्हाळ्यात पावडर लावायची, नाहीतर ते चिकटतं आणि मोटर उगाच जोर करते. बॅटरीच्या टोकांवर पांढरं येतं ते खायचा सोडा आणि कढत पाण्याने धुवायचं. आणि ते चकचकीत दांडे मात्र कोरड्या मऊ फडक्यानेच पुसायचे, त्यांना तेलाचा हात लावायचा नाही. ह्यांचं जुनं धोतर मी त्यासाठी फाडून ठेवलंय. देवांची भांडी घासून झाली की त्याच ओघात बाहेर जाऊन दांडे पुसून येते. मालनबाई म्हणतात, "वहिनी, तुमच्या देव्हाऱ्याला चाकं लागली." हिशेबाच्या वहीत ह्या सगळ्याचा खर्च कुठे लिहायचा याचा मला आधी प्रश्न पडला होता. किराण्यात बसेना, औषधात बसेना. शेवटी देवधर्मात टाकला.

गमती तर रोज होतात. गणेश मंदिरासमोर एकदा आम्ही दर्शनाला गेलो, बटणाची तार कुठे चिकटली असेल, तर दार हळूहळू वर उघडलं. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. रांगेतल्या एका आजीबाईंनी हात जोडले. मी काही सांगितलं नाही, त्यांची श्रद्धा आपण कशाला मोडायची.

मग आली खंडेनवमी. इतर दिवशी ह्यांनी कधी उदबत्ती लावलेली तू पाहिलीस? पण खंडेनवमीला कारखान्यात ह्यांच्या लेथची पूजा ह्यांनी कुणाला करू दिली नाही. सगळी हत्यारं धुऊन पुसून, झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. तो कारखाना गेला, लेथ गेली, पण खंडेनवमी ह्यांच्या हातातून जाईना. या वर्षी सगळा जोर व्हॅनवर. स्टिअरिंगला माळ, मोटरीला फूल, आणि त्या दोन चकचकीत दांड्यांना ओल्या कुंकवाची बोटं, वर अक्षता. जो माणूस मला तेलाचा हात लावू देत नाही त्यानेच ओलं कुंकू थापलं, कारण यंत्राचा जो भाग सगळ्यांत जास्त चमकतो, पूजा त्याचीच करायची, ही कारखान्यातली पद्धत. दार चार वेळा वरखाली झालं, कुंकू आणि तांदळाचे कण दांड्याबरोबर आत गेले आणि आतल्या चकतीला चरे पडले. दिवाळीच्या तोंडावर डाव्या नळकांड्यातून लालसर तेल पाझरायला लागलं. दार वर जायचं, पण वर राहायचं नाही. दुपारच्या कीर्तनात म्हातारी माणसं डुलक्या घेतात ना, तसं हळूच मान टाकायचं. एकदा ह्यांच्या डोक्यावर टाकली. टेंगूळ घेऊन घरी आले, मी हळद लावली, त्यावर स्वतःच म्हणाले, "आता मला हळद. कुंकू तेवढं लावू नकोस." पाडव्याला ठाण्याहून नवीन जोडी आणली आणि मला बजावलं, पुढच्या वर्षी पूजा फक्त फुलांची.

आता खरी गोष्ट ऐक. दिवाळीनंतर एका रविवारी तुझ्या सासूबाई इथे आल्या. तुला ठाऊक नसणार, कारण त्यांनी तुला बाजाराला जाते सांगितलं होतं. मी दारातून पाहिलं तर आवडाबाई हिरवं लुगडं नेसून फाटकातून येतायत आणि हातात डबा. मला वाटलं आता हे बघतील आणि आत निघून जातील, मागे दोनदा झालं तसं. पण हे तर व्हॅनखाली होते. नुसते पाय बाहेर. आवडाबाईंनी पाय पाहिले, मला पाहिलं आणि जाणून घ्यायचं ते जाणून घेतलं. घरात येतच नाहीत, म्हणाल्या, "हितंच उभी र्‍हाते, विहीणबाय." डबा माझ्या हातात दिला. "नारलाच्या वड्या हायेत. तुमी माळकरी, माज्या हातची मासली तुमाला चालाची नाय, म्हून चूल सारवून, नवीन टोपान केल्यान." मग जरा मोठ्याने, त्या पायांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. पोरीची तब्येत बरी आहे, पोर पोटात नाचतंय. पण डॉक्टर म्हणाला जिना नको, धक्का नको, आडवी राहू दे. आमचा जिना म्हणजे शिडी, नळ खाली, मोरी खाली. तुमचं तळमजल्याचं घर आहे, तिला इथे ठेवली तर माझ्या जिवाला झोप लागेल. रिक्षात बसवायची नाही. आणि भोंग्याच्या गाडीतून तर मी तिला पाठवायचीच नाही, माझ्या घरातून सून माहेरी चालली आहे, काही आजारी म्हणून चालली नाही. एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाय, मी माजा मान खाली ठेवून आले. आता तुमी कुनाला उचलायला सांगायचा त्याला सांगा." चहा घेतला नाही. गेल्या.

मी तिथेच डबा धरून उभी. सगळा वेळ व्हॅनखालून हातोडीचा एक आवाज आला नव्हता. मी पायांना म्हटलं, ऐकलंत का. पाय आणखी आत सरकले. संध्याकाळी जेवताना वड्या वाढल्या, दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. मग म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं का? मासळीवाल्याकडे देणार नाही म्हटलं असतं का मी? विचारायला तरी यायचं. ठाण्याला रजिस्टर लग्न करून आल्यावर पेढा घेऊन आली." मी म्हटलं, आता तिसरी वडी खाल्लीत, आता काय भांडताय. त्यावर हात धुऊन उठले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर दाराचं बटण जाग्यावर नाही. मी म्हटलं, अहो, चांगलं चाललेलं काढलंत का. म्हणाले, "खाली घेतलंय." खरंच, बंपरच्या खाली एक चपटी पट्टी बसवलेली. पायाने दाबायची. मी म्हटलं, माझा खांदा गेलाय, बोट शाबूत आहे, मला पायाने कशाला? म्हणाले, "तुझ्यासाठी नाही." आणि वळले. दोन दिवसांनी गाय त्या पट्टीला घासली, दार उघडलं आणि आतली केळी गेली. मग चावी लावली तरच पट्टी चालेल असं केलं. त्यानंतर मागची सीट काढली. माल जास्त राहील म्हणाले. पण सीट काढल्याजागी फळी बसवली, फळीच्या कडा कानसीने घासून गोल केल्या, आणि नटबोल्टांच्या खोक्यांना गोल कडा कशाला लागतात हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं ते मला कळू द्यायचं नव्हतं ह्यांना, म्हणून मीही कळू दिलं नाही. पोथी वाचताना मात्र माझं लक्ष लागेना. एकच ओवी तीन वेळा वाचली, देवीनं माफ करावं.

गेल्या रविवारी म्हणाले, "चल, जरा मागे आडवी हो." मी म्हटलं, काय वयाला शोभतं का. "हो आडवी, रस्ता बघायचाय." घरातली कापसाची गादी फळीवर घातली, मला त्यावर निजवलं, हाताने दार ओढून लावलं, आणि निघाले. मानपाडा रोडने शिळफाट्यापर्यंत आणि परत. मी छताकडे बघत हात जोडून रामरक्षा म्हणतेय आणि हे पुढून ओरडतायत, "हा खड्डा कळला का? हा?" मी सांगायची, कळला, कमरेत कळला. मग तिथे गाडी आणखी हळू. सिग्नलला रिक्षावाला ह्यांच्या खिडकीतून डोकावून बघतोय. परत फाटकात शिरलो तर मालनबाई नळावर, त्यांनी पुढच्या काचेतून मला हात जोडून आडवी पाहिली आणि घागर टाकून धावल्या, "वहिनी, वहिनी, काय झालं हो." तेवढ्यात दार वर गेलं आणि मी उठून बसले. मालनबाई आधी रडल्या, मग शिव्या दिल्या, मग अख्खी चाळ हसली. हे मात्र गंभीर. वहीच्या मागच्या पानावर खड्ड्यांची खूण करत होते. काल पुन्हा एकटे कळव्यापर्यंत जाऊन आले, मुंब्र्यातल्या गर्दीतून कुठल्या वेळी निवांत निघता येतं ते बघायला. येताना तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून आले म्हणे. आत गेले नाहीत. गल्लीत गाडी मागे घेता येते की नाही एवढंच बघायचं होतं म्हणाले.

रात्री मी शेवटी विचारलंच, पट्टी पायाशी का. तेव्हा ह्यांनी पानातलं बोट थांबवलं आणि म्हणाले, "शिडीवरून तिला चादरीत धरून उतरवायची. एका बाजूला मी, एका बाजूला कान्हा. दोघांचे दोन्ही हात तिच्याखाली. मग दार कोण उघडणार? तुझा खांदा हा असा. आवडाबाईंची उंची ती तशी. परक्या माणसाच्या हातात मी दार देणार नाही, अर्ध्यावर सोडलं तर." मंदा, ह्या घरात दोन वर्षांत जावयाचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, आणि तेही चादरीचं एक टोक त्याच्या हातात देताना. मी वाटीत आमटी वाढायची थांबले. हे म्हणाले, "वाढ की." मी वाढली. त्यावर ह्यांनी भात जास्त घेतला.

तर हे पत्र मी लिहितेय, पण लिहायला मला ह्यांनी बसवलंय. अंतर्देशीय पत्र स्वतः जाऊन आणलं, ते माझ्यासमोर ठेवलं, त्यात मावणार नाही म्हटल्यावर परत जाऊन पाकीट आणलं. 'ये' असं लिही म्हणाले नाहीत, तेवढं अजून जमत नाही, तू ते जास्तीचं मागू नकोस. दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात. एक, येता सोडून पुढच्या रविवारी सकाळी आठला आलो तर आवडाबाईंच्या सोयीचं आहे का. आधी त्यांची परवानगी, मग गाडी, असं दोनदा बजावलंय. कान्हाला सांग रिकाम्या पोटी उचलू नको, काहीतरी खाऊन घे. दुसरी गोष्ट ह्यांची बाहेरून आत येऊन तीनदा विचारून झाली, म्हणून विसरायला नको. तू डाव्या कुशीवर झोपतेस का उजव्या? व्हॅनच्या मागच्या काचांना काळा कागद लावलेला आहे, उन्हासाठी. तुझं तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूचा कागद ह्यांना तुझं उत्तर आलं की खरवडून काढायचाय. म्हणाले, एवढ्या लांबून येणार पोरगी, नुसतं छत बघत कशाला यायचं. टपालाने लगेच कळव, काच घासायला एक दिवस लागेल.

तुझीच,
आई